जाळी खाली येईपर्यंत

माझ्या फोनमध्ये अकरा सेकंदांचा एक व्हिडिओ आहे. १ ऑक्टोबर २०२२, शनिवार, टॅलाडेगा, अलाबामा. चित्र सारखं हलतंय. पुढच्या रांगेतल्या माणसाची टोपी मध्येच आडवी येते. खाली राखाडी रस्ता आणि त्यावरून ज्वाळा मागं सोडत सरपटत जाणारा एक ट्रक. शेवटच्या सेकंदाला त्याच्या खिडकीतून काहीतरी बाहेर येताना दिसतं, पण तो माणूस आहे हे आधी माहीत असेल तरच कळतं. चित्र मी एकदोनदाच नीट पाहिलंय. आवाज मात्र पाठ आहे. इंजिनांच्या गर्जनेवर चढलेला एका बाईचा आवाज, चक्क मराठीत: "लागली! लागली! बघा, आग लागली!" त्या आवाजात भीती नाही. दहीहंडीत वरच्या पोराचा हात मडक्याला पोचला की खालच्या गर्दीतून जो आवाज उठतो, तसला तो आवाज आहे. ती बाई मी आहे.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याच रात्री व्हॉट्सॲपवर विचारलं होतं, शर्यतीचा व्हिडिओ पाठव की. मी फोटो पाठवले. झेंड्यांचे, गर्दीचे, तळलेल्या मक्याच्या गोळ्यांचे. व्हिडिओ पाठवला नाही.

शर्यतीला मी गेले ते ऑफिसातल्या शेजारणीमुळे. आम्ही अटलांटाच्या उत्तरेला राहतो आणि ही माझ्या बाजूच्या टेबलावर बसणारी बाई मूळची अलाबामाची, ॲनिस्टनच्या बाजूची. तिच्या माहेरी टॅलाडेगाची शर्यत म्हणजे गावच्या जत्रेसारखी. वर्षातून दोनदा सगळं गोत गोळा होतं, कुणीतरी आठवडाभर आधीच जाऊन मुक्काम ठोकतं. त्या वर्षी तिच्या एका भावाचं तिकीट उरलं होतं. "ट्रकांची शर्यत आहे, येतेस का?" असं तिनं विचारलं आणि मी हो म्हणून बसले. नवरात्र चालू होतं, संध्याकाळी मंडळाचा भोंडला होता, एका खिरापतीचा डबा माझ्या नावावर होता. नवरा म्हणाला, जा, मी बघतो. आय-२० नं पश्चिमेला निघालं की राज्याची सीमा ओलांडताना घड्याळ एक तास मागं जातं. तो मिळालेला तास मला उगीचच शुभशकुन वाटला होता.

हो म्हणण्याचं खरं कारण "ट्रक" हा शब्द होता. इथं ट्रक म्हणजे मागं हौदा असलेली पिकअप गाडी हे मला वीस वर्षांत पुरतं कळलंय, पण कानाला अजून पटलेलं नाही. त्या शर्यतीतले ट्रकही तेच: शेवरलेची सिल्वराडो, फोर्डची एफ-१५०, टोयोटाची टुंड्रा. तेही फक्त दिसायला. आतून ती पूर्ण शर्यतीची गाडी असते, पोलादी नळ्यांचा पिंजरा आणि त्यावर पातळ कातडं. पुढचे दिवे म्हणजे चिकटवलेली चित्रं. मागचा हौदा वरून झाकलेला. दरवाजे तर नसतातच. दाराची जागा असते, दार नसतं. चालवणारा खिडकीतून आत शिरतो आणि खिडकीतूनच बाहेर येतो. तो बसला की खिडकीला पट्ट्यांची जाळी लावतात, अपघातात हात बाहेर जाऊ नये म्हणून. हे सगळं शेजारणीनं गाडीत सांगितलं तेव्हा मी नुसतं हं, हं म्हटलं. माझ्या डोळ्यांपुढं मुंबई-गोवा रस्त्यावरचे दहाचाकी ट्रक होते, आणि त्यांना बाजू देत जाणारी अण्णांची लाल गाडी.

अण्णा चिपळूण डेपोला चालक होते. चिपळूण-मुंबई रातराणी त्यांनी किती वर्षं केली याचा हिशोब आईकडे आहे, त्यांच्याकडे नाही. सुट्टीत कधीतरी मला ते इंजिनाच्या बॉनेटशेजारच्या जागेवर बसवून न्यायचे. बॉनेट तापलेलं असायचं, त्यावर टाकलेल्या घोंगडीला डिझेलचा आणि घामाचा वास. निघण्याआधीचा त्यांचा क्रम कधी चुकला नाही. टॉमी घेऊन सहाही टायर वाजवायचे. टायर बोलतो, म्हणायचे. हवा भरलेली असली की ठण्ण, नसली की भद्द. मग आपल्या बाजूचं छोटं दार उघडायचे, लावायचे, परत उघडायचे, परत लावायचे. मग पायरीला हात लावून तो कपाळाला. मग उदबत्ती. कशेडी घाटात ते बोलायचे नाहीत. ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं, एवढंच एकदा सांगितलं होतं. पंचवीस वर्षं विनाअपघात सेवा झाल्यावर त्यांचा सत्कार झाला. तो बिल्ला आई दिवाळीला लक्ष्मीपूजनात ठेवते.

टॅलाडेगाच्या शर्यतीच्या नावातच २५० होते. ते २५० मैल, ४.२८ किलोमीटरच्या गोलात ९४ फेऱ्या. अण्णांचा एका रात्रीचा पल्लाही २५०च, फक्त किलोमीटर. हे मी त्यांना आधीच फोनवर सांगितलं होतं आणि त्यांना त्याचं फार अप्रूप वाटलं होतं. एवढं अंतर गोल गोल फिरून परत तिथंच यायचं, आणि तेही उतारू न घेता, हे त्यांना कळेना.

हा ट्रॅक १९६९ साली, या शर्यती भरवणाऱ्या नॅस्कार संस्थेचे संस्थापक बिल फ्रान्स यांनी एका जुन्या विमानतळाच्या जागेवर बांधला. वळणांवर तो ३३ अंशांनी कललेला आहे. ३३ अंश म्हणजे काय हे आकड्यानं कळत नाही. कोकणातल्या कौलारू घराचं छप्पर आठवा. त्या छपरावर डांबर ओतलंय, ते लांबच लांब वळत गेलंय आणि त्याच्यावर शेजारी शेजारी तीन गाड्या ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास पळतायत. मी जागेवर बसून पहिल्यांदा ते वळण पाहिलं तेव्हा गाड्या सुरूच व्हायच्या होत्या. रिकामं वळण, वर आभाळ, मागं पाईनची झाडं. बघूनच पोटात खड्डा पडला. घाटात वाढलेल्या पोरीला उताराचं भय आपोआप येतं. त्यासाठी कुणी गडगडावं लागत नाही.

मनात आणखी एक धाकधूक होती, तीही सांगते. जून २०२० पर्यंत या मैदानांवर कॉन्फेडरेट झेंडे, म्हणजे गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेचे झेंडे, सर्रास फडकायचे. त्या महिन्यात नॅस्कारनं त्यांवर बंदी घातली. बबा वॉलेस हा कृष्णवर्णीय चालक त्यासाठी जाहीरपणे बोलला होता, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये याच टॅलाडेगाला त्यानं सर्वोच्च मालिकेतली आपली पहिली शर्यत जिंकली. हे सगळं मी वाचून गेले होते. तरी मैदानाच्या वाटेवर, मोकळ्या शेतांतून चालताना, आपल्या रंगाचं कोणी दिसतंय का हे माझे डोळे शोधत राहिले. फार कोणी दिसलं नाही. पण शेजारणीच्या आईनं मला बघितल्या बघितल्या पिशवीतून कानात घालायचे बोळे काढून दिले, वरून हेडफोन चढवला, आणि बर्फाच्या पेटीतलं उकडलेल्या शेंगांचं पाकीट पुढं केलं. मिठात उकडलेल्या शेंगा! हातात घेतल्या तर अगदी आपल्या. म्हाताऱ्या बाईच्या जवळ बसून शेंगा सोलायला लागल्यावर मी झाडून सगळं विसरले.

सुरू होण्याआधी प्रार्थना झाली. हजारो माणसांनी टोप्या काढल्या. ध्वनिवर्धकावरून एक पाद्री म्हणत होता की आजचे सगळे चालक सुखरूप घरी जाऊ देत. बायका डोळे मिटून उभ्या होत्या, दंडावर गोंदलेले दांडगे पुरुष मान खाली घालून उभे होते. मी हात जोडले. मला पायरीला हात लावणारे अण्णा आठवले, आणि खोटं नाही सांगत, त्या क्षणी त्या सगळ्या गर्दीबद्दल मला माया वाटली. त्यांच्याबरोबर मीही मनापासून तेच मागितलं.

त्यानंतर तास उलटायच्या आत मी ओरडले.

आवाजाबद्दल आधी लिहिते, कारण तिथं सगळं आवाजापासूनच सुरू होतं. तीस-पस्तीस ट्रकांचा जथा पहिल्यांदा पूर्ण वेगानं समोरून गेला तेव्हा तो कानांनी ऐकलाच नाही. तो बरगड्यांत आला. बसायच्या पट्टीतून, चपलेच्या तळव्यातून वर चढला. मागोमाग वारा आला. तापलेल्या रबराचा, जळलेल्या तेलाचा वास असलेला, आणि त्यातून बारीक काळी खर तोंडावर. मग एकदम शांतता, म्हणजे तिकडची शांतता, दूर मागच्या बाजूनं मधमाश्यांचं पोळं गुणगुणावं तशी. बावन्न-त्रेपन्न सेकंदांनी परत तेच. तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून मी त्या येण्याची वाट पाहायला लागले. दहाव्या फेरीला शरीर त्या लयीत गेलं होतं. ढोल-ताशाच्या पथकासमोर अर्धा तास उभं राहिल्यावर होतं ना, आपली नाडी आपली राहत नाही, तसं.

आणि ते जे खेळतात ते नुसतं पळणं नाही, हे मला हळूहळू दिसायला लागलं. ट्रकाचं तोंड चौकोनी, बोजड. ते हवेत मोठं भोक पाडत जातं. मागचा त्या भोकात शिरला की त्याला हवा लागत नाही, तो पुढच्याला नाकानं ढकलू शकतो, आणि मग दोघंही एकट्यापेक्षा जोरात जातात. म्हणून लांबच लांब रांगा होतात, बंपरला बंपर लावून. जो रांगेतून बाहेर पडला आणि ज्याच्यामागं कोणी गेलं नाही, त्याला हवा एका झटक्यात दहा-बारा जागा मागं फेकते. लहानपणी भरणे नाक्याजवळ पोरं सायकली घेऊन एसटीच्या मागच्या सावलीत शिरायची, पाय न मारता सायकल ओढली जायची. अण्णा आरशात बघून चिडायचे. इथं मोठी माणसं तेच करतात, ताशी तीनशेनं, आणि ज्याला हरवायचंय त्यालाच ढकलत. ढकलणारा जरासा चुकला, कोपऱ्यावर टेकला, की पुढचा आडवा होतो आणि मागचे पंधरा-वीस त्यात जाऊन पडतात. त्या अपघाताला इथले लोक नुसतं "मोठा" म्हणतात. "मोठा होणार आज," असं दोन फेऱ्यांमागे कोणीतरी म्हणायचं. आपल्याकडे आभाळ बघून "येणार आज" म्हणतात त्या सुरात.

हेडफोनवर चालकांशी बोलणारी माणसं ऐकू येत होती. प्रत्येक चालकाचा एक माणूस प्रेक्षागाराच्या छपरावर उभा असतो आणि वरून बघून त्याच्या कानात सांगत राहतो. पिंजऱ्यात बांधलेल्या चालकाला बाजूचं दिसतच नाही. आत एक आहे. अजून आत. दारापाशी. सुटला. मोकळा. अत्यंत सपाट, न थांबणारा आवाज. मी डोळे मिटून तो ऐकला आणि मला थेट चिपळूण स्टँड दिसला. गाडी मागं घेताना कंडक्टर खाली उतरून पत्र्यावर थाप मारत "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या" म्हणायचा आणि अण्णा आरशात न बघता त्या थापेवर गाडी घ्यायचे. थाप थांबली की गाडी थांबली. अण्णांच्या कंडक्टरशी त्यांचं बाकी काही फारसं जमायचं नाही. पण त्या थापेवर त्यांचा जेवढा भरवसा होता तेवढा मी पुढं कुठल्या माणसावर टाकल्याचं मला आठवत नाही.

पहिला टप्पा संपत आला होता. मी फोन काढला तो त्या जथ्याचं येणं टिपायला. मध्येच एका ट्रकाच्या पुढच्या भागातून धूर निघाला आणि धुराची एका क्षणात ज्वाळा झाली. इंजिन फुटलं होतं. ट्रक थांबत नव्हता, कारण त्या वेगातली गाडी थांबायला वेळ लागतो, आणि जोवर ती पळतेय तोवर वारा ज्वाळा आत चालकाकडे ढकलतोय. आतल्या भिंतीला ट्रक आदळला तेव्हा चालक खिडकीतून बाहेर पडायला लागला होता. याचा अर्थ काय हे मला नंतर कळलं. त्या धगीत, धावत्या गाडीत, त्यानं आधी पट्टे सोडले, स्टिअरिंग काढून टाकलं, जाळी पाडली, आणि बाहेर झेपावला. माझं ओरडणं या सगळ्याच्या वेळचं आहे.

मी उभी राहिले होते. हात वर होता. आणि माझ्या डाव्या मनगटाला कुणीतरी धरलं. शेजारणीची आई. ती बसूनच होती, टोपी काढून मांडीवर ठेवलेली, नजर समोर. "जाळी बघ," ती म्हणाली. "जाळी." मला कळेना. मग शेजारणीनं कानाशी येऊन सांगितलं: अपघात झाला की खिडकीची जाळी बघायची. चालकानं ती खाली सोडली म्हणजे तो ठीक आहे. ज्वाळा, धूर, मोडकेतोडके पत्रे यांतलं काही बघायचं नाही. जाळी खाली येईपर्यंत आमच्याकडे कोणी टाळी वाजवत नाही.

मी आजूबाजूला पाहिलं. सगळेच काही तसे नव्हते. माझ्यासारखे फोन उंच धरलेले पुष्कळ होते. पण आमच्या दोन-तीन रांगांत, जिथं शेजारणीच्या गोतावळ्यातली आणि ओळखीतली माणसं होती, तिथं कोणी हालत नव्हतं. मग तो उभा राहिलेला दिसला, लोक त्याच्याकडे धावले, आणि टाळ्या सुरू झाल्या. म्हातारीनं टोपी डोक्यावर घातली, शेंगांचं पाकीट परत माझ्या मांडीवर ठेवलं. माझ्या मनगटावर तिच्या बोटांतलं मीठ राहिलं होतं.

त्याचं नाव जॉर्डन अँडरसन. घरी आल्यावर मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचलं. गाडीही त्याचीच होती, संघही त्याचाच. सुरुवातीच्या काळात तो आपला शर्यतीचा ट्रक मागं जोडून, स्वतः चालवत, मुक्कामामागून मुक्काम देशभर न्यायचा आणि पोचल्यावर त्यातच बसून शर्यत धावायचा. २०२० साली डेटोनाला तो एक शतांश सेकंदानं दुसरा आला. पुढच्या वर्षी तिथंच पुन्हा दुसरा. टॅलाडेगाच्या त्या दिवशी त्याचा चेहरा, मान, हात, गुडघे भाजले. हेलिकॉप्टरनं त्याला बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात नेलं. तो बरा झाला. २०२३ च्या एप्रिलमध्ये, सात महिनेही झाले नव्हते, त्याच टॅलाडेगाला ट्रकांच्या वरच्या मालिकेत त्याच्या संघाची गाडी जिंकली, जेब बर्टन चालवत होता. ती बातमी वाचून मला रडू आलं. इतकं का आलं ते मी नवऱ्याला समजावू शकले नाही.

आता ती जुनी गोष्ट. मी दहा वर्षांची असेन. मे महिना. खेडच्या अलीकडे आमच्या वाडीच्या वरच्या वळणावर आंब्याचा ट्रक उलटला. संध्याकाळची वेळ. आवाज झाला तशी वाडी धावली, आम्ही पोरं सगळ्यांच्या पुढं. पेट्या फुटून हापूस उतारावरून घरंगळत होते, गवतात, गटारात, करवंदीच्या जाळीत. तो वास मला आजही येतो, पिकल्या आंब्याचा आणि सांडलेल्या डिझेलचा, एकत्र. आम्ही हसत होतो, एकमेकांना हाका मारत होतो, बायका पदरात भरत होत्या. मी परकराच्या ओच्यात चौदा आंबे आणले. मोजले होते. अण्णा ड्युटीवरून घरी आले तेव्हा मी पडवीत ते ओळीनं मांडून बसले होते आणि मी त्यांना सगळं रंगवून सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी. मग विचारलं, "ड्रायव्हर कुठाय?"

मला माहीत नव्हतं. आईला माहीत नव्हतं. शेजारच्या काकांना विचारलं, त्यांनाही नव्हतं. अख्खी वाडी तिथं होती आणि कोणी केबिनमध्ये डोकावलं नव्हतं.

अण्णांनी बॅटरी घेतली आणि ते गणवेशातच परत वर गेले. तो माणूस त्यांना मोरीच्या कठड्याखाली सापडला. पाय मोडला होता. एक चप्पल हातात घेऊन बसला होता आणि मालाचं काय झालं ते विचारत होता. अण्णांनी कोणाची तरी जीप थांबवून त्याला खेडला नेलं, रात्री दोन वाजता परत आले. मला ओरडले नाहीत. आंब्यांबद्दल चकार शब्द काढला नाही. आईनं ते पेंढ्यात घातले, ते पिकले, आम्ही खाल्ले. अण्णांनी एकाही फोडीला हात लावला नाही. कारण विचारायची मला कधी हिंमत झाली नाही, आणि खरं तर कारण विचारण्यासारखं काही नव्हतंही.

हा प्रश्न मी त्यांच्या तोंडून पुढं आयुष्यभर ऐकला. पेपरात अपघात वाचला की लोक किती गेले ते बघतात, चूक कोणाची ते बघतात. अण्णा शोधतात ती एकच ओळ. ऑगस्ट २०१६ मध्ये महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल रात्री पुरात वाहून गेला, त्याबरोबर राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई अशा दोन एसटी गेल्या. अण्णांना तेव्हा निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. मी इथून फोन केला तर ते बोलेनात. त्या पुलावरून ते किती वेळा गेले असतील! अंधार, पाऊस, वायपरची घरघर, मागं चाळीस-पन्नास माणसं झोपलेली. आणि पुढं रस्ता असणारच हा भरवसा, जो प्रत्येक चालकाला ठेवावाच लागतो. नाहीतर कोणी गाडीच काढणार नाही.

मी या शर्यतींचा इतिहास वाचत गेले तेव्हा मला अण्णांसारखी माणसं तिथंही भेटली. टॅलाडेगाची पहिलीच शर्यत, सप्टेंबर १९६९. सरावात इतका वेग निघाला की टायर फाटायला लागले. चालकांची तेव्हा नवी संघटना होती, रिचर्ड पेटी अध्यक्ष. त्यांनी सांगितलं, या टायरांवर आम्ही धावणार नाही, आणि बहुतेक नामांकित चालक गाड्या घेऊन निघून गेले. शर्यत उरलेल्यांना घेऊन झालीच, रिचर्ड ब्रिकहाउस जिंकला. पण निघून गेले त्यांची गोष्ट मला जास्त आवडते. अण्णांनाही आवडली. "टायर बोलतो, ऐकणारा पायजे," एवढंच म्हणाले. त्याआधी १९६४ साली शार्लटला फायरबॉल रॉबर्ट्स हा मोठा चालक शर्यतीत भाजला, महिन्याभरानं गेला. त्यानंतर आग न धरणारे कपडे आणि न फुटणाऱ्या इंधनाच्या टाक्या यांच्याकडे लक्ष गेलं. १९८७ मध्ये टॅलाडेगालाच बॉबी ॲलिसनची गाडी टायर फुटून उडाली आणि प्रेक्षकांसमोरच्या जाळीत घुसली. पुढच्या वर्षीपासून इथं इंजिनांची हवा कोंडून वेग कमी केला गेला. अँडरसन त्या खिडकीतून जिवंत बाहेर आला त्याच्या मागं अशी एकेक माणसं उभी आहेत. आणि हेही खरं की वेग कोंडल्यामुळेच आता सगळ्या गाड्या एका जथ्यात राहतात, आणि जथा आहे म्हणून "मोठा" होतो. म्हणजे एक संकट आवळलं तर दुसरं फुगलं. हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले होते.

उरलेली शर्यत मी पाहिली. बघवली, हे मान्य करायला हवं. त्या आगीनंतर पाच-सात फेऱ्यांनी मी पुन्हा त्या लयीत गेले होते, पुन्हा उभी राहत होते. शेवटच्या फेरीत "मोठा" झालाच, ट्रक एकमेकांत शिरले, पिवळा दिवा लागला, म्हणजे तिथून पुढं ओलांडणं बंद, आणि जिंकलं कोण हे अधिकाऱ्यांना चित्रफीत बघून ठरवावं लागलं. मॅट डीबेनेडेटो. इतकी वर्षं वरच्या मालिकांत धावून त्याचा तो पहिला विजय. लोक नाचत होते. मी धुरात जाळ्या मोजत होते. एक खाली आली. दुसरी आली. एक येईना, मग आली. म्हातारीनं माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

मिळालेला तास परतीच्या वाटेवर परत द्यावा लागला, तरी भोंडल्याला पोचले. मधे पाटावर हत्तीचं चित्र, भोवती बायका फेर धरून. माझ्या केसांत रबराची खर होती. गोल गोल फिरताना कानात अजून ते पोळं गुणगुणत होतं. खिरापत ओळखायच्या वेळी पोरी ओरडत होत्या, करंजी, शेव, शंकरपाळे, आणि बरोबर आलं की जो कल्ला झाला तो ऐकून माझ्या अंगावर काटा आला. तोच सूर. एकाच गळ्यातून निघतं सगळं.

दसरा बुधवारी होता. सकाळी ऑफिसच्या आधी घरी फोन लावला, तिकडे संध्याकाळ. अण्णांनी शेजाऱ्याच्या टेंपोला आणि स्वतःच्या स्कूटरला झेंडूचे हार घातले होते. डेपोत असताना खंडेनवमीला ते पूर्ण बसला घालायचे, वायपरला आंब्याचा टाळा बांधायचे. व्हिडिओ कॉलवर स्कूटर दाखवून झाली, सोनं देऊन झालं, आणि मग ते म्हणाले, "बाय, तू तो व्हिडिओ पाठवलाच नाहीस."

मी पाठवला. आवाजासकट. कॉल चालूच होता. आईच्या फोनवर ते तो बघत होते आणि मी त्यांचा चेहरा बघत होते. "लागली, लागली," माझाच आवाज सात समुद्र ओलांडून परत माझ्याकडे आला. त्यांनी तीनदा पाहिला. चष्मा वर सरकवून चौथ्यांदा.

"तुझा आवाज ना हा?"

"हो."

ते काही बोलले नाहीत. परत फोन जवळ नेला. मग म्हणाले, "हा खिडकीतून का येतोय? दार अडकलं काय?"

म्हणजे त्यांना दिसला होता. शेवटच्या सेकंदातला तो ठिपका, जो मला माहीत असूनही शोधावा लागतो.

"अण्णा, त्यांच्या गाडीला दारच नसतं."

"दार नसतं?"

"नसतं. वाचला तो. भाजलाय, पण घरी गेला."

त्यांनी मान डोलावली. बराच वेळ मागं कुणाच्या तरी फटाक्यांचे आवाज येत राहिले. "दार नसतं," ते पुन्हा म्हणाले, आईकडे वळून, जणू ती काही करू शकेल. मग मला म्हणाले, "मी माझ्या बाजूचं दार गाडी काढायच्या आधी दोनदा उघडून बघायचो. आठवतं तुला?"

आठवत होतं. मला वाटायचं तो त्यांच्या नमस्कारातलाच भाग आहे.

"बिजागऱ्यांना तेल मी घालायचो. शनिवारी. दार कसं, बोट लावलं की उघडलं पायजे."

"घरचं न्यायचे," आई मागून म्हणाली. "खोबरेल. माझी बाटली आठवड्यात संपायची."